पलीकडून धरणारा

१

जुन्या गाड्यांचं काम दोघांचं असतं. एकाने अलीकडून बोल्ट फिरवायचा, दुसऱ्याने पलीकडून नट धरायचा. पलीकडे कुणी नसेल, तर अलीकडचा माणूस दिवस मावळेपर्यंत पाना फिरवत बसला तरी बोल्ट जागच्या जागी गरगरत राहतो. मिस्त्री हे काम तीस वर्षं करत होते आणि तीस वर्षं पलीकडून धरणारा माणूस एकच होता. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ.

त्याचं खरं नाव गॅरेजच्या गल्लीत कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे त्याला पक्कड म्हणत. एकदा त्याने नट धरला की तो हलायची बिशाद नव्हती. जीभ मात्र दिवसभर सैल. गाडीखाली उताणा पडल्या पडल्या तो सगळ्या गल्लीची खबरबात सांगायचा आणि मिस्त्री वरून 'हं, हं' करत पाना ओढायचे. 'धर' म्हटलं की धरायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं. बाकीचं बोलणं ऐकलं काय, न ऐकलं काय.

गेल्या वर्षापासून पक्कडच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. सकाळी मूठ वळायला अर्धा तास लागायचा. तो हात पाठीमागे घेऊन गरम पाण्याची पिशवी दाबत उभा राहायचा आणि मिस्त्री बघून न बघितल्यासारखं करायचे. या विषयावर दोघांनीही कधी शब्द काढला नाही.

त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. बाईंच्या वडिलांची, साठ वर्षं जुनी, पुढची चाकं फेंगडी झालेली. गाडी दुरुस्त करून ती आपण स्वतः चालवणार, असा बाईंचा हट्ट होता. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पुढचा सगळा डोलारा चेसिसला आठ बोल्टांनी धरलेला, आणि त्या बोल्टांचे नट चेसिसच्या पोकळ दांड्याच्या पोटात. दांड्याला आतल्या बाजूने वीतभर लांबीचं एकेक भोक. त्यातून पाना घालून नट धरायचा. साधा पाना तिथे पोचत नाही. त्यासाठी लांब मानेचा, दोनदा वाकवलेला, इंची मापाचा खास पाना लागतो. गाडीच्या कंपनीने तो फक्त आपल्याच कारागिरांसाठी बनवला होता, आणि कंपनी बंद पडून जमाना झाला होता.

'दाजी, हा पाना मिळण्यापेक्षा नवी गाडी मिळणं सोपं,' पक्कड म्हणाला.

२

तीन आठवडे मिस्त्रींनी जुना बाजार पालथा घातला. गंजलेल्या पान्यांच्या ढिगाऱ्यांपुढे उकिडवं बसायचं, एकेक उचलायचा, बोटाने पुसून माप वाचायचं, परत टाकायचा. कुठे चाक ओढून काढायचा पुलर मिळाला, पण त्याचा एक पाय तुटका. कुठे स्प्रिंग दाबायचं शिकंजं मिळालं, पण त्याचे आटे गेलेले. असल्या शिकंज्यावर भरवसा ठेवावा तर दाबलेली स्प्रिंग उसळून जबडा फोडायची. लांब मानेचा पाना कुणी पाहिलादेखील नव्हता.

शेवटी एक भंगारवाला म्हणाला, 'पाण्याच्या टाकीमागे एक म्हातारा मिस्त्री होता. असल्याच गाड्या करायचा. तो गेला. हत्यारांची पेटी सुनेकडे असेल. विकत नाही ती, पण विचारून बघा.'

टाकीमागचं घर बसकं, स्वच्छ. शेजारी पत्र्याची शेड आणि तिला कुलूप. सून पन्नाशीची होती. मिस्त्रींनी गाडीचं नाव सांगितलं आणि ती आत गेली. बराच वेळ आतून काहीतरी फरशीवर घासत येत असल्याचा आवाज येत राहिला. मग ती दारात आली तेव्हा तिच्या हातात एक दोरी होती आणि दोरीच्या टोकाला लाकडी पेटी. पेटी तिने उंबऱ्यापर्यंत ओढत आणली होती. कडी धरून उचलली नव्हती.

मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि ते पाहतच राहिले. बारा हत्यारं, प्रत्येकाला आपापली खाच, एकही गंजलेलं नाही. लांब मानेचा पाना सगळ्यात वर.

'किती द्यायचे, ताई?'

'काही नको. परत आणू नका म्हणजे झालं.'

फुकट मिळणाऱ्या वस्तूचा मिस्त्रींना पहिल्यापासून संशय. त्यांनी पाना उचलून उजेडात धरला. मुठीकडची बाजू हाताने घासून गुळगुळीत झाली होती, ते ठीक. पण तोंडाकडची बाजूही तशीच झाली होती. पान्याचं तोंड नटावर बसतं, तिथे हात कशाला जाईल? तरी तिथे चार बोटांचे उथळ खळगे पडले होते, जुन्या पायरीला पडतात तसे.

'सासऱ्यांच्या हाताखाली कोण होतं?' मिस्त्रींनी विचारलं.

'कुणी नाही. मामंजी एकटेच करायचे.'

'एकट्याने नाही होत हे काम.'

'करायचे,' सून म्हणाली. मग तिने पहिल्यांदा मिस्त्रींच्या तोंडाकडे नीट पाहिलं. 'तुमच्याकडे आहे का कुणी धरायला?'

'आहे. मेहुणा आहे.'

'मग त्यांनाच धरू द्या,' असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. मिस्त्रींनी लांब मानेचा पाना भोकातून आत घालून पहिल्या नटावर बसवला. असा चपखल बसला की त्यांना हसू आलं. पान्याची मूठ त्यांनी पक्कडच्या हाती दिली आणि स्वतः उठून गाडीच्या या बाजूला आले. चाकाच्या कमानीतून हात घालायचा, तर पलीकडचं काही दिसत नाही.

'धर.'

पक्कडने धरलं. मिस्त्रींनी पाना ओढला. साठ वर्षांचा गंज कुरकुरला, बोल्ट अर्धा फेरा फिरला आणि मग नुसताच गरगरायला लागला.

'सुटला का रे हात?'

'घाम आलाय हाताला,' पक्कड खालून म्हणाला. घाम नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. 'थांबा दाजी, रॉकेल संपलंय. घेऊन येतो. गंज जरा भिजू दे.'

मिस्त्री 'हं' म्हणाले. त्यांचं निम्मं लक्ष बोल्टाच्या डोक्याकडे होतं. पोलादी ब्रशने ते डोकं त्यांनी घासून काढलं, पाना पुन्हा बसवला, आणि सवयीने म्हणाले, 'धर.'

नट धरला गेला. आणि काय धरला गेला! तीस वर्षांपूर्वीचा पक्कड धरायचा तसा. मिस्त्रींनी अंगाचा भार टाकून पाना ओढला. बोल्ट एकेक फेरा सुटत आला. मेहुण्याचा हात आज जुन्या चालीवर आला म्हणून त्यांना मनापासून बरं वाटलं. शेवटचा आटा उरला तेव्हा ते म्हणाले, 'सोड आता.'

पलीकडे सोडलं. पाना दांड्याच्या आत टण्णकन पडला.

'शाब्बास रे पठ्ठ्या,' असं म्हणत मिस्त्री कंबर धरून सरळ झाले. समोर फाटक होतं. फाटकातून पक्कड आत येत होता. एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली भजी.

'दाजी, दुकान बंद होतं. कोपऱ्यापर्यंत जावं लागलं,' तो म्हणाला. 'कुणाला शाब्बासकी देताय?'

४

मिस्त्री देवभोळे नव्हते आणि भुताखेतांवर बोलणाऱ्याला ते सरळ उठवून लावायचे. त्यांनी विचार केला. पान्याची मान लांब. मूठ फिरत फिरत भोकाच्या कडेला अडली असणार. अडलेला पाना नट धरून ठेवतो, यात नवल काय? बोल्ट सुटल्यावर तो आपोआप पडला. झालं.

एवढं पटल्यावर त्यांनी ते तपासून बघायचं ठरवलं, आणि तिथेच चुकले. खरंच पटलं असतं तर तपासलं नसतं.

दुपारी पक्कड घरी जेवायला गेला. मिस्त्रींनी पाना दुसऱ्या नटावर बसवला आणि पाहिलं. मूठ भोकाच्या मधोमध लोंबत होती. दोन्ही कडांपासून चार बोटं लांब. ट्यूब बसवताना वापरतात ती पांढरी पावडर त्यांनी पान्यावर भुरभुरवली, या बाजूला आले आणि खाकरून म्हणाले, 'धर.' स्वतःचाच आवाज त्यांना ओशाळवाणा वाटला.

बोल्ट सुटला. पान्यावरची मुठीकडची पावडर जशीच्या तशी होती. तोंडाकडची पुसली गेली होती, चार खळग्यांत चार ठिकाणी. मिस्त्रींनी भोकातून दिवा घालून आत पाहिलं. पोकळ दांडा, धूळ, एक मेलेला कोळी. पुढून बंद, मागून बंद. तान्हं मूलसुद्धा मावलं नसतं.

शहाण्या माणसाने तिथेच पेटी बंद केली असती. पण मिस्त्रींच्या मनात भीतीच्या जोडीला दुसरंही काही शिरलं होतं, आणि ते कबूल करायची त्यांना लाज वाटत होती. काम सरसर होत होतं. 'हात सुटला का' म्हणून विचारायला नको, कळवळून ओठ चावणारा मेहुणा बघायला नको. पुढचे तीन दिवस ते काही ना काही निमित्त काढून पक्कडला बाहेर पिटाळत राहिले. वायसर आण. बँकेत जा. बहिणीला दवाखान्यात सोडून ये. तो गेला की ते पेटी उघडायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की पलीकडे पाना बसवायचीसुद्धा गरज नाही. पेटी जवळ असली की पुरे.

५

'भाऊ दोन दिवस धड जेवला नाही,' बायको रात्रीच्या भांड्यांवर हात चालवत म्हणाली. 'तुम्ही दुसरा माणूस ठेवलाय म्हणे.'

'कोण म्हणतं?'

'तो स्वतः. परवा फाटकाशी उभा होता. तुम्ही आत कुणाला तरी धर, सोड म्हणत होतात. असलं वागायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतं त्याला.'

मिस्त्री 'कुणी नाही' म्हणाले. ते खरं होतं आणि खोटंही होतं, आणि बायकोने त्यातलं खोटं तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पक्कड आला तो सरळ गाडीखाली शिरला आणि कोपरावर उठून ओरडला, 'हे कुणाचे हात?'

चेसिसच्या आतल्या बाजूला, भोकाच्या कडेला, काळ्या ग्रीसचे ठसे होते. चार बोटं एका कडेला, अंगठा दुसऱ्या कडेला. आतून बाहेर येताना कुणी आधाराला धरावं तसे.

'तुझेच असतील.'

'माझे?' पक्कडने आपली वाकडी बोटं मिस्त्रींच्या नाकासमोर धरली. 'ही बोटं अशी सरळ लागतात का? दाजी, मी काय दूधखुळा आहे? माझा हात चालत नाही, मान्य. मला सांगा ना, बाबा रे, आता घरी बस. मी बसलो असतो. पण माझ्या पाठीमागे माणूस आणायचा, आणि मला रॉकेलला पाठवायचं?'

'इथे कोणी माणूस नाही.'

'मग कुणाशी बोलता?'

मिस्त्रींच्या डोक्यात तेव्हा एक नवाच किडा वळवळला. हे सगळं यानेच केलं असेल तर? हा जातो म्हणतो आणि मागच्या पत्र्यातून आत शिरतो. आपल्याला वेड्यात काढायचं म्हणून. आपल्याला तो लागतोच, हे पटवायचं म्हणून. पावडर, ठसे, सगळं यानेच. तो विचार इतका सोयीचा होता की मिस्त्रींनी त्याला घट्ट धरलं.

'तूच असशील,' ते म्हणाले. 'चोरून धरत असशील. उघडपणे धरवत नाही ना तुला आता!'

शब्द गेल्यावर ते त्यांनाच ऐकू आले.  पक्कडने आपला डबा उचलला, खुंटीवरचा सदरा घेतला आणि फाटक न लावताच तो निघून गेला.

६

आठवा बोल्ट मिस्त्रींनी एकट्यानेच घेतला. दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ऊन फाटकातून थेट गाडीपर्यंत आलं होतं.

ते 'धर' म्हणाले नाहीत. आज त्यांना म्हणवलं नाही. त्यांनी नुसता पाना लावला. बोल्ट सुटत आला, आणि अर्ध्यावर थांबला. गंजाने अडलेला बोल्ट कुरकुरतो, दातांत कचकचतो. हा तसा नव्हता. पलीकडून कुणी धरून ठेवावा तसा थांबला होता.

'सोड,' मिस्त्री म्हणाले.

सोडलं नाही.

ते गाडीखाली शिरले, उताणे सरकत दांड्यापाशी गेले आणि भोकात दिवा घातला. नट दिसत होता. त्यावर काही नव्हतं. बोटाने चाचपावं म्हणून त्यांनी उजवा हात आत घातला. कोपराच्या अलीकडे हात अडतो, हे त्यांना ठाऊक होतं. नट हाताला लागला. मग नटाच्या मागे दुसरं काही लागलं आणि त्याने त्यांची बोटं धरली.

झडप नव्हती, नखं नव्हती, दुखलंसुद्धा नाही. चांगला कारागीर नट धरतो तेवढ्याच जोराने धरलं होतं. मग सावकाश ओढ लागली. मिस्त्रींचं मनगट नटाच्या पलीकडे गेलं. तिथे दांड्याचा पत्रा असायला हवा होता, पण हाताला पत्रा लागला नाही. कोपर गेलं. त्यांचा खांदा चेसिसला भिडला, गाल लोखंडाला टेकला, आणि ते ओरडले. शेजारचा पत्रा ठोकणारा ठोकतच होता.

पण पक्कड फाटकाआड उभा होता. नवा माणूस कोण, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं म्हणून तो गेले दोन तास उन्हात उभा होता. तो धावत आत आला, पलीकडच्या बाजूने गाडीखाली शिरला आणि दुसऱ्या भोकाला डोळा लावून आत पाहिलं.

मिस्त्रींना चेसिसखालून त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. तो चेहरा आधी संतापलेला होता. मग त्यावर काहीच उरलं नाही.

'दाजी,' पक्कड अगदी हळू म्हणाला, 'हलू नका.' त्याने त्या भोकातून दोन्ही हात आत घातले. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. 'मी धरलंय. तुम्ही काढा हात.'

'काय धरलंयस?'

'विचारू नका. काढा.'

मिस्त्रींनी हात ओढला. तो आला. साल निघाली, पण आला. ते सरपटत उन्हात गेले. पक्कड मात्र तिथेच होता. गाल लोखंडाला लावून, डोळे मिटून, तीनचार मिनिटं. ज्या बोटांची सकाळी मूठ वळत नव्हती ती बोटं आत काहीतरी धरून होती. मग त्याच्या तोंडून एक बारीक आवाज आला, लहान मूल झोपेत रडतं तसा, आणि त्याने हात बाहेर काढले.

नळाखाली तो कितीतरी वेळ हात धूत होता. मिस्त्री शेजारी उभे राहिले. 'मी तुला नको ते बोललो,' ते म्हणाले. पक्कडने मान हलवली. त्याला ते ऐकूच आलं नसावं.

'पेटी परत देऊन येऊ,' एवढंच तो बोलला.

७

सुनेने दार उघडलं, पेटी पाहिली आणि तिचा चेहरा आवळला. 'परत आणू नका म्हटलं होतं.'

'ताई,' पक्कड म्हणाला, 'तुमचे सासरे कधी वारले?'

'वारले असं मी म्हटलं का?' ती म्हणाली. 'गेले म्हटलं असेल कुणी. त्या दिवशी दुपारी शेडमध्ये काम करत होते. गाडीखालून पाय दिसत होते. थोड्या वेळाने नुसत्या चपला होत्या. बाहेरच्या दाराला मीच कडी घातलेली होती. तेरा वर्षं झाली.'

 पक्कड खाली बघत होता.

'मी एका म्हाताऱ्याचा हात धरला होता,' तो म्हणाला. 'बोटं लांब, सरळ. अंगठ्याला जुनी भाजल्याची खूण.'

सून दाराच्या चौकटीला टेकली. मग तिने एकच विचारलं.

'गरम होता का?'

'हो,' पक्कड म्हणाला.

ती आत गेली आणि किल्ली घेऊन आली. आता तिने पेटी कडीला धरून उचलली, एवढी जड पेटी, आणि ती शेडकडे चालू लागली. कुलूप गंजलं होतं. मिस्त्रींनी मदत करायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. आत कापडाखाली तशीच एक गाडी विटांवर उभी होती. तिने कापड ओढून काढलं, पेटी चेसिसजवळ ठेवली, जमिनीवर आडवी झाली आणि भोकात हात घातला. बाईचा हात, बारीक. खांद्यापर्यंत गेला.

'ताई, थांबा,' पक्कड म्हणाला. 'मी तुम्हाला पुरतं सांगितलं नाही. मी त्यांना ओढत होतो. येत होते. पण त्यांना मागून कुणीतरी धरलंय. मी जितकं ओढलं तितकंच त्याने ओढलं. जास्त नाही, कमी नाही. मी दमायची वाट बघत होता. त्याला काहीसुद्धा घाई नव्हती, ताई. मग मी सोडलं.'

'ठाऊक आहे मला,' सून म्हणाली. तिचा चेहरा गाडीखालच्या अंधारात होता. 'त्या दुपारी मी शेडमध्ये आले तेव्हा मामंजींचा हात भोकातून बाहेर होता. मी धरला होता तो. मग ओढ लागली. घरात मुलगी लहान होती माझी. मीसुद्धा सोडला.'

 मग तिचा श्वास अडकला.

'आहेत,' ती म्हणाली. 'अजून गरम आहे.'

तिचा खांदा चेसिसकडे सरकू लागला. पक्कडने एक क्षण मिस्त्रींकडे पाहिलं, मग गुडघ्यावर बसून त्याने तिला कंबरेपाशी दोन्ही हातांनी धरलं. 'दाजी, मला धरा.'

मिस्त्रींनी त्याला मागून मिठी घातली आणि टाचा जमिनीत रोवल्या. तीस वर्षांत त्यांनी पलीकडून धरायचं काम कधी केलं नव्हतं. तिघांनी ओढलं. पलीकडून तेवढंच ओढलं गेलं. विटा हलल्या, गाडी तसूभर कलली. सून 'मामंजी, या, या' म्हणत होती. मिस्त्रींच्या हातांतून पक्कडचा सदरा निसटत होता. पक्कडची बोटं एकेक करून उघडत होती, ते त्यांना दिसत होतं.

आणि एकदम ओढ संपली. तिघंही मागे कोसळले.

सून उठून बसली. तिने आपला रिकामा तळवा उजेडात धरला. त्यावर काळ्या ग्रीसची चार बोटं उमटली होती. त्यांतली दोन अर्धवट होती, घसरली नव्हती. उचलून घेतल्यासारखी होती.

'माझ्या हातून सुटला नाही,' ती म्हणाली. 'त्यांनीच सोडला.'

पक्कड तिथेच जमिनीवर बसून रडायला लागला. मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला, कारण गाडीच्या पोकळ दांड्यात कुठेतरी खोल आवाज सुरू झाला होता. तो आवाज त्या शेडमधल्या तिघांनाही वर्षानुवर्षं ओळखीचा होता. आतल्या बाजूने कुणीतरी नट आवळत होतं. सावकाश, एकेक पाव फेरा, मध्ये थांबून, पाना पुन्हा नीट बसवून.